संशयाची शिस्त

(चेन्नई येथील स्मृतिव्याख्यानमालेत मराठी श्रोत्यांसमोर दिलेले व्याख्यान)



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्यांचे आयुष्य रुग्णसेवेत गेले, तेव्हा यंदाचा विषय वैद्यकातला असावा ही आपल्या चिटणिसांची सूचना मला सर्वथैव योग्य वाटली. मात्र त्या अफाट क्षेत्रातून मी जो विषय निवडला, म्हणजे गंभीर कोरोनाने रुग्णालयात दाखल झालेल्या रोग्यांना दिलेले स्टेरॉइड, तो व्यासपीठापेक्षा रुग्णालयाच्या दफ्तरात अधिक शोभला असता, असे आपल्यापैकी काहींना वाटले असेल. महामारी ओसरली आहे; ज्यांच्या घरातले माणूस गेले त्यांना तिचे नाव काढलेले सोसत नाही, आणि ज्यांचे कोणी गेले नाही त्यांनी तो काळ केव्हाच मनाआड केला आहे. हे ठाऊक असूनही मी हा विषय हेतुपुरस्सर घेतला. डेक्सामेथासोन या नावाचे, विसाव्या शतकाच्या सहाव्या दशकात सिद्ध झालेले, जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत १९७७ पासून असलेले आणि आपल्याकडे काही रुपयांत मिळणारे एक जुने स्टेरॉइड २०२० च्या जून महिन्यात अकस्मात प्राणदाते ठरले. आणि वर्ष उलटण्यापूर्वीच, त्याच कुळातील औषधांच्या अविवेकी वापराने आपल्याच देशात कित्येकांचे डोळे, जबडे आणि प्राण जाण्यास हातभार लावला. एकाच द्रव्याच्या ठायी हे दोन्ही गुण कसे वसतात, त्यांतला कोणता केव्हा प्रकट होईल हे आपल्याला कळते तरी कशाने, आणि कळल्यावर समाज म्हणून आपण कसे वागतो, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

या प्रश्नाचा विचार करण्यास ही नगरी मोठी उचित जागा आहे. औषधाची परीक्षा करण्याच्या विद्येला तीन पायऱ्या आहेत असे मी मानतो, आणि त्या तिन्ही पायऱ्या मराठी मुलखाच्या किंवा या तमिळ प्रांताच्या इतिहासात आपल्याला ठळकपणे पाहावयास मिळतात.

पहिली पायरी नोंदीची. येथून दक्षिणेस, तंजावरच्या गादीवर १७९८ ते १८३२ या काळात असलेल्या दुसऱ्या सरफोजी राजांनी धन्वंतरी महाल नावाची संस्था चालविली, आणि तेथे उपचार घेतलेल्या नेत्ररोग्यांच्या सचित्र कैफियती त्यांच्या संग्रहात राहिल्या. कोणता रोगी आला, त्याच्या डोळ्याची स्थिती काय होती, कोणता उपाय केला आणि त्याचा गुण काय आला, हे लिहून ठेवावे असे एका मराठी संस्थानिकाला त्या काळी वाटले, ही अभिमानाची गोष्ट खरीच. कारण नोंद नसलेला अनुभव हा वैद्याबरोबर चितेवर जातो. परंतु नोंदीची एक मर्यादा आहे. रोगी बरा झाला एवढे ती सांगते. औषध दिले नसते तर तो बरा झाला असता की नाही, याविषयी ती मुकी राहते. 

दुसरी पायरी तुलनेची. १८९६ साली मुंबईत प्लेगने ठाण मांडले, तेव्हा वॉल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजातील एका लहानशा प्रयोगशाळेत प्लेगची लस सिद्ध केली, आणि १८९७ च्या जानेवारीत ती प्रथम स्वतःस टोचून घेऊन पुढे भायखळ्याच्या तुरुंगात, जे कैदी राजीखुशीने पुढे आले त्यांना टोचली. एका भिंतीआड, एकाच अन्नपाण्यावर राहणाऱ्या टोचलेल्या आणि न टोचलेल्या माणसांचा हिशेब शेजारी शेजारी मांडला गेला, आणि टोचलेल्यांची बाजू सरस ठरली. नोंदीच्या पुढे टाकलेले हे मोठेच पाऊल होते. तथापि त्यातही एक फट राहून गेली. जो आपण होऊन पुढे येतो तो मागे राहणाऱ्यापेक्षा प्रकृतीने, वयाने किंवा सावधगिरीने वेगळा असू शकतो, आणि मग पारड्यात पडलेला फरक लशीचा की माणसांचा, हे निश्चयाने सांगता येत नाही.

ती फट बुजविणारी तिसरी पायरी चिठ्ठीची, आणि तिचा एक थोर अध्याय याच शहरात लिहिला गेला. १९५६ साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची मेडिकल रिसर्च कौन्सिल यांनी मिळून चेटपेट येथे क्षयरोगाच्या औषधोपचाराचे केंद्र उभारले; आज ते राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्था म्हणून ओळखले जाते. क्षयी माणसाने आरोग्यधामात जाऊन राहावे, मोकळी हवा, सकस आहार आणि पूर्ण विश्रांती घ्यावी, हा त्या वेळचा सर्वमान्य शिरस्ता होता. मिरजेजवळच्या वानलेसवाडीसारख्या ठिकाणी महिनेच्या महिने काढून आलेल्या आप्तांच्या हकिगती जुन्या पिढीने ऐकलेल्या असतील. परंतु ज्या देशात क्षयरोगी लाखोंनी आणि खाटा हजारांनी मोजाव्या लागतात, तेथे हा शिरस्ता म्हणजे बहुसंख्यांना दिलेला नकारच होय, हे ओळखून वॉलेस फॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मद्रासच्या गरीब वस्त्यांतील १९३ रोगी निवडले, कोणी घरी राहावे आणि कोणी आरोग्यधामात जावे हे वैद्याच्या मर्जीवर किंवा रोग्याच्या वशिल्यावर न सोपविता चिठ्ठीने ठरविले, आणि दोन्ही गटांना वर्षभर तीच दोन औषधे दिली. घरी राहिलेल्यांचे अन्न निकृष्ट होते, खोल्या कोंदट होत्या आणि पोटासाठी कामही सुटत नव्हते. असे असता १९५९ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालात दोन्ही गटांचा गुण जवळजवळ सारखाच निघाला. घरातल्या इतर माणसांना संसर्गाचा धोका वाढतो काय, ही स्वाभाविक शंका पाच वर्षांच्या पाहणीने निवारली गेली, आणि १९६६ च्या त्या निबंधाच्या लेखकांत अग्रभागी नाव आहे ते एस. आर. कामत यांचे. जगभरच्या क्षयोपचाराचे वळण या शहरातील चिठ्ठ्यांनी बदलले, असे म्हणण्यात अतिशयोक्ती नाही.

माणसाच्या जिवाच्या बाबतीत चिठ्ठ्या टाकावयाच्या, हे ऐकताना आपले मन कचरते, आणि ते कचरणे सज्जनपणाचेच लक्षण आहे. परंतु दोन उपायांपैकी कोणता श्रेष्ठ हे जेथे खरोखरच कोणाला ठाऊक नसते, तेथे वैद्य आपल्या अंदाजाने जो उपाय निवडतो तीही एक चिठ्ठीच असते. तिच्यापासून पुढच्या रोग्याला काही शिकता येत नाही, एवढाच काय तो फरक. उघडपणे, रोग्याच्या संमतीने आणि नोंदीच्या शिस्तीत टाकलेली चिठ्ठी आपल्या अज्ञानाची कबुली देते आणि त्याच अज्ञानाला मुदत घालते. यालाच मी संशयाची शिस्त म्हणतो.

आता आपण २०२० च्या प्रारंभाकडे येऊ. गंभीर कोरोनात स्टेरॉइड द्यावे की देऊ नये, या प्रश्नावर त्या वेळी वैद्यकातील जाणत्यांचे दोन तट पडले होते, आणि दोन्ही तटांपाशी सबळ कारणे होती. हा रोग दोन अंकांत घडतो. पहिल्या आठवड्यात विषाणू शरीरात झपाट्याने वाढतो, आणि त्याला आवरण्याचे काम शरीराची स्वतःची रक्षकव्यवस्था करीत असते. बहुतेकांच्या बाबतीत ती यशस्वी होते आणि प्रकरण तेथेच मिटते. काही जणांत मात्र दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास, विषाणूचा जोर ओसरू लागलेला असताना, ताप पुन्हा चढतो, धाप लागते, रक्तातील प्राणवायू उतरू लागतो. आणि या अंकातील उपद्रव मुख्यतः विषाणूचा नसून खवळलेल्या रक्षकव्यवस्थेचाच असतो. गनीम परतून गेल्यावरही गावात तळ ठोकून बसलेली आणि दाण्यावैरणीसाठी रयतेची घरे धुंडाळू लागलेली शिबंदी जशी असावी, तशी तिची अवस्था होते. फुप्फुसांतील वायुकोश दाहाने भरतात, आणि हवा आत जाऊनही रक्तापर्यंत पोहोचत नाही. स्टेरॉइड ही द्रव्ये पेशींच्या केंद्रापर्यंत जाऊन दाह चेतविणाऱ्या रसायनांची निर्मितीच मंदावतात. तेव्हा दुसऱ्या अंकात ती उपकारक ठरावीत, असे एक पक्ष म्हणत होता.

दुसरा पक्ष इतिहासाचे दाखले देत होता. २००३ मधील सार्सच्या साथीत चीनमध्ये भारी मात्रेने स्टेरॉइड घेतलेल्या कित्येकांच्या कमरेची हाडे पुढे झिजून निकामी झाली होती. मध्यपूर्वेतील मर्सच्या साथीत स्टेरॉइड घेतलेल्यांच्या शरीरातून विषाणू उशिरा गेला होता. इन्फ्लुएंझाच्या रोग्यांतही अनुभव प्रतिकूल होता. याखेरीज एक जुनी जखमही वैद्यकाच्या स्मरणात होती. डोक्याला मार लागलेल्या रोग्यांना मेंदूची सूज उतरावी म्हणून स्टेरॉइड देण्याचा प्रघात अनेक दशके चालू होता, आणि त्याचे तर्कशास्त्र इतके सुबक होते की त्याविषयी शंका घेणेच अनेकांना अनावश्यक वाटे. अखेरीस १०,००८ रोग्यांवर चिठ्ठीपद्धतीने केलेल्या चाचणीचा निष्कर्ष २००४ साली आला, तेव्हा स्टेरॉइड घेतलेल्यांपैकी २१.१ टक्के, आणि न घेतलेल्यांपैकी १७.९ टक्के, दोन आठवड्यांत मरण पावल्याचे आढळले. सुबक तर्काने किती माणसे गेली असतील, याचा हिशेब कोणीच मांडू शकणार नाही. हे सर्व ध्यानी घेऊनच जागतिक आरोग्य संघटनेने २०२० च्या जानेवारीत, चाचणीबाहेर सरसकट स्टेरॉइड देऊ नये, असा सल्ला दिला होता.

दोन्ही पक्षांचा युक्तिवाद असा तुल्यबळ असता निवाडा कोणी करावा? तो केला ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या पीटर हॉर्बी आणि मार्टिन लँड्रे यांनी चालविलेल्या ‘रिकव्हरी’ नावाच्या चाचणीने. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेतील १७६ रुग्णालये तीत सामील झाली. कागदपत्रे मुद्दाम इतकी सुटसुटीत ठेवली की कामाच्या ओझ्याने वाकलेल्या वॉर्डातील तरुण डॉक्टरलाही रोग्याची नोंद काही मिनिटांत करता यावी. आणि संगणकाच्या चिठ्ठीने २,१०४ रोग्यांना रोज ६ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन, जास्तीत जास्त १० दिवस, तर ४,३२१ रोग्यांना ते वगळून नित्याचे उपचार देण्यात आले. मार्चमध्ये सुरू झालेल्या या चाचणीचा निष्कर्ष १६ जून २०२० रोजी जाहीर झाला. व्हेंटिलेटरवरील रोग्यांत २८ दिवसांतील मृत्यूचे प्रमाण ४१.४ टक्क्यांवरून २९.३ टक्क्यांवर आले होते, म्हणजे अशा सुमारे आठ रोग्यांमागे एक प्राण वाचत होता. केवळ प्राणवायू लागणाऱ्या रोग्यांत ते २६.२ वरून २३.३ वर आले होते.

या आकड्यांनी वर्तमानपत्रांचे मथळे सजले, आणि सजावेत हे रास्तच होते. परंतु त्याच कोष्टकात तिसरी एक ओळ होती, आणि माझ्या मते या सर्व प्रकरणातील शहाणपण तिच्यातच साठलेले आहे. ज्यांना रुग्णालयात दाखल करूनही प्राणवायूची गरज पडली नव्हती, त्या रोग्यांत औषध घेतलेल्यांपैकी १७.८ टक्के आणि न घेतलेल्यांपैकी १४ टक्के दगावले. हा फरक योगायोगाने पडला असण्याइतका लहान होता, म्हणून औषधाने त्यांना मारले असे म्हणणे न्यायाचे होणार नाही; परंतु औषधाने त्यांना तारले नाही, एवढे त्यातून निर्विवादपणे निघत होते. ज्याचा श्वास अडला आहे त्याला द्यावे आणि ज्याचा अडलेला नाही त्याला देऊ नये, असा हा निवाडा दुहेरी होता. त्याचे पहिले कलम जगाने ऐकले आणि दुसरे ऐकलेच नाही.

आपल्या सरकारने पहिले कलम त्वरेने अंमलात आणले, हे नमूद करणे कर्तव्य आहे. मेथिलप्रेडनिसोलोन हे त्याच कुळातील औषध राष्ट्रीय उपचारपद्धतीत आधीच आले होते. २७ जून २०२० रोजी त्याला पर्याय म्हणून डेक्सामेथासोनचा समावेश झाला, आणि तोही मध्यम व गंभीर रोग्यांपुरताच. २ सप्टेंबर रोजी सात चाचण्यांतील १,७०३ अत्यवस्थ रोग्यांचा एकत्रित हिशेब प्रसिद्ध होऊन स्टेरॉइडचा गुण पुन्हा सिद्ध झाला, आणि त्याच दिवशी जागतिक आरोग्य संघटनेने गंभीर रोग्यांना ते अवश्य द्यावे व सौम्य रोग्यांना देऊ नये, अशी शिफारस केली. या संघटनेच्या प्रमुख शास्त्रज्ञ त्या वेळी डॉ. सौम्या स्वामिनाथन होत्या, आणि त्या पूर्वी चेटपेटच्या क्षयरोग संशोधन संस्थेच्या संचालिका होत्या, याचे स्मरण या सभागृहात अप्रस्तुत ठरणार नाही.

आपल्या देशातही त्या वर्षी संशयाची शिस्त अगदीच निद्रिस्त होती असे नाही. बऱ्या झालेल्या माणसांचा रक्तद्रव, म्हणजे प्लाझ्मा, आजाऱ्यांना द्यावा ही कल्पना त्या उन्हाळ्यात घरोघरी पोहोचली होती. दात्यांसाठी आर्जवे होत होती, पुढारी प्लाझ्मापेढ्यांची उद्‌घाटने करीत होते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने ३९ रुग्णालयांतील ४६४ रोग्यांवर चिठ्ठीपद्धतीने तिची परीक्षा घेतली, आणि या कामात चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेतील संशोधकांचा मोठा वाटा होता. रोग बळावणे किंवा मृत्यू येणे हे प्लाझ्मा घेतलेल्यांत १९ टक्के आणि न घेतलेल्यांत १८ टक्के आढळले. म्हणजे त्या सर्व धावपळीचे फलित शून्य. हा निष्कर्ष ऑक्टोबर २०२० मध्ये प्रसिद्ध झाला, आणि राष्ट्रीय उपचारपद्धतीतून प्लाझ्मा वगळला गेला तो १७ मे २०२१ रोजी. चाचणी आपली, रोगी आपले, निष्कर्ष आपला. तरी अंमलबजावणीस सात महिने लागले, आणि त्या सात महिन्यांतच दुसरी लाट येऊन कोसळली.

रेमडेसिव्हिर या विषाणुरोधक औषधाची कथा याहून करुण आहे. ‘सॉलिडॅरिटी’ या आंतरराष्ट्रीय चाचणीत भारतही सहभागी होता, आणि येथील समन्वयाचे काम पुण्याच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेतील डॉ. शीला गोडबोले यांच्याकडे होते. १५ ऑक्टोबर २०२० रोजी तिचा अंतरिम निष्कर्ष आला : रेमडेसिव्हिर घेतलेल्या २,७४३ रोग्यांपैकी ३०१ मरण पावले, न घेतलेल्या २,७०८ पैकी ३०३. पुढे २०२२ च्या अंतिम हिशेबात, व्हेंटिलेटर न लागलेल्या परंतु प्राणवायूवर असलेल्या रोग्यांत थोडासा लाभ दिसला, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. परंतु लोक ज्याला प्राणसंजीवनी समजून त्याच्यामागे धावत होते, तसे ते औषध खचितच नव्हते. आणि तरीही २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत या शहरात किलपॉक वैद्यकीय महाविद्यालयाच्या आवारात, आणि मग नेहरू स्टेडियमवर, रोग्यांचे नातेवाईक त्या कुप्यांसाठी उन्हात रांगा लावून उभे होते. पुण्यात, नागपुरात, नाशिकात तेच चित्र होते. काळ्या बाजारात दागिने मोडून कुप्या घेतल्या जात होत्या. २१ मे रोजी तामिळनाडूत एका दिवसात ३६ हजारांवर नवे रोगी नोंदले गेले, त्या भयाच्या वातावरणात रांगेतल्या माणसांना दोष देणे निर्दयपणाचे होईल. त्यांच्या हाती चिठ्ठी देऊन त्यांना धावायला लावले कोणी, हा प्रश्न मात्र विचारलाच पाहिजे. ज्या औषधाने प्राण वाचतात असे सिद्ध झाले होते त्याच्यासाठी कोठेही रांग नव्हती. ते वॉर्डातल्या कपाटात पडून होते, आणि त्याची किंमत इतकी क्षुल्लक होती की त्यावर कोणाचा विश्वास बसत नव्हता.

विश्वास बसला तेव्हा तो भलत्याच जागी बसला. ताप आल्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, प्राणवायूची पातळी उत्तम असताना, मोबाइलवर आलेल्या एखाद्या अनामिक नुसख्यावरून लोक औषधांच्या दुकानातून स्टेरॉइडच्या गोळ्या आणून घेऊ लागले, आणि काही डॉक्टरही ‘लवकर दिले तर लवकर आटोपेल’ या समजुतीने त्या लिहून देऊ लागले. परिणाम काय होणार होता हे तिसऱ्या ओळीने वर्षभर आधी सुचविले होते. पहिल्या अंकात, विषाणू वाढत असताना, रक्षकव्यवस्थेचेच हात बांधले गेले. आणि ज्या देशात मधुमेह घरोघरी आहे, व कित्येकांना तो आहे हे ठाऊकही नाही, तेथे स्टेरॉइडने रक्तातील साखर भडकली. म्युकर नावाची बुरशी अशाच शरीराची वाट पाहत असते. तिने नाकातून शिरून डोळ्यांची खोबण आणि मेंदू गाठावा, आणि प्राण वाचविण्यासाठी शल्यवैद्याला डोळा किंवा वरचा जबडा काढून टाकावा लागावा, असे प्रसंग २०२१ च्या मे महिन्यात महाराष्ट्रात आणि गुजरातेत इतके वाढले की, १८९७ साली मुंबई-पुण्याच्या प्लेगसाठी केलेल्या साथरोग कायद्याखाली या बुरशीची नोंद सक्तीची करण्यास केंद्राने राज्यांना २० मे रोजी सांगितले, आणि तामिळनाडूने त्याच सुमारास तसा हुकूम काढला. या आपत्तीला कारणे अनेक होती. अनियंत्रित मधुमेह हे त्यांतले प्रमुख, आणि स्वतः विषाणूचाही त्यात हात होता. तथापि देशातील १६ रुग्णालयांनी २०२० च्या अखेरच्या चार महिन्यांत पाहिलेल्या २८७ म्युकररोग्यांच्या अभ्यासात, त्यांपैकी १८७ जणांचा रोग कोरोनाशी निगडित होता, आणि स्टेरॉइडचा अनुचित वापर हे त्याचे एक स्वतंत्र कारण म्हणून पुढे आले. अनुचित या विशेषणावर माझा भर आहे. उचित वापर करणाऱ्या डॉक्टरांना या पापात ओढण्याचे कारण नाही.

तेच औषध एका ठिकाणी तारते आणि दुसऱ्या ठिकाणी मारते, याचा दाखला आपल्या मराठी मुलखालाही अपरिचित नाही. अपुऱ्या दिवसांच्या बाळाची फुप्फुसे लवकर परिपक्व व्हावीत म्हणून प्रसूतीपूर्वी मातेला स्टेरॉइड देण्याचा उपाय १९७२ पासून ज्ञात असून पुढे मान्यता पावलेला आहे. हाच उपाय गावोगावच्या साध्या केंद्रांतून सर्वदूर पोहोचविला तर काय होईल, हे पाहण्यासाठी सहा देशांत जी चाचणी झाली तिच्या भारतातील दोन जागा बेळगाव आणि नागपूर या होत्या. २०१५ साली निष्कर्ष आला तो धक्का देणारा : गर्भाचे दिवस नीट मोजण्याची सोय नसल्यामुळे ज्यांना गरज नव्हती अशा कित्येक मातांना औषध गेले, आणि एकूण नवजात मृत्यू घटण्याऐवजी किंचित वाढले. मग संशोधकांनी प्रश्न अधिक नेमका केला. सोनोग्राफीने दिवसांची खातरजमा आणि बाळाच्या शुश्रूषेची तजवीज असलेल्या रुग्णालयांतच डेक्सामेथासोन दिले, आणि २०२० सालच्या त्या चाचणीत, जीत बेळगाव पुन्हा सहभागी होते, नवजात मृत्यूचे प्रमाण २३.५ वरून १९.६ टक्क्यांवर आले. औषधात काही फरक पडला नव्हता. ते कोणाला, केव्हा आणि कोणत्या देखरेखीखाली द्यावयाचे, एवढेच बदलले होते.

मात्रेचा प्रश्नही असाच सुटला, आणि त्यात चेन्नईचा वाटा प्रत्यक्ष आहे. सहा मिलिग्रॅमने गुण येतो तर बाराने दुप्पट येईल काय, हे पाहण्यासाठी डेन्मार्कच्या पुढाकाराने, भारतासह चार देशांतील २६ रुग्णालयांत १,००० अत्यवस्थ रोग्यांवर चाचणी झाली; तिच्या भारतीय शाखेच्या नेतृत्वात चेन्नईचे अतिदक्षतातज्ज्ञ डॉ. भरतकुमार तिरुपाकुळी विजयराघवन होते. दुसऱ्या लाटेच्या ऐन गर्दीत, एकेका खाटेसाठी आकांत चाललेला असताना, आपल्या डॉक्टरांनी रोग्यांच्या संमतीपत्रांची आणि नोंदींची शिस्त सांभाळली, ही गोष्ट मला कोणत्याही शौर्यकथेइतकी मोलाची वाटते. यंत्राच्या आधारावाचून जिवंत राहिलेले दिवस मोजता ते २२ विरुद्ध २०.५ असे, मोठ्या मात्रेच्या बाजूने किंचित झुकलेले, परंतु निश्चित निर्णय देण्यास अपुरे निघाले. पुढे ‘रिकव्हरी’ने अधिक भारी मात्रेची परीक्षा घेतली, तेव्हा साध्या प्राणवायूवरील १,२७२ रोग्यांत भारी मात्रा घेणाऱ्यांपैकी १९ टक्के आणि नेहमीची घेणाऱ्यांपैकी १२ टक्के दगावले, असे आढळून त्या गटातील चाचणी थांबविण्यात आली. थोड्याने बरे वाटते म्हणून अधिकाने अधिक बरे वाटेल, ही आपली घरगुती समजूत येथे प्राणघातक ठरली.

या साऱ्या विवेचनातून मला जे सांगावयाचे आहे ते आता थोडक्यात मांडतो. गंभीर कोरोनाच्या उपचारात प्राण वाचविणारा जो शोध लागला तो कोणा एका प्रतिभावंताच्या बुद्धीचा नव्हे; जुने औषध, साधी नोंदवही आणि हजारो रोग्यांची संमती यांच्या संयोगातून तो निघाला. अशा शोधाची पात्रता आपल्या देशात नाही असे कोणी म्हणू लागला, तर त्याला चेटपेटचा पत्ता द्यावा. उणीव आहे ती सातत्याची. साथ आल्यावर चाचणीची यंत्रणा उभी करू म्हणणे हे तहान लागल्यावर विहीर खणण्यासारखे आहे. म्हणून प्रत्येक सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात आणि प्रत्येक जिल्हा रुग्णालयात अशी यंत्रणा शांततेच्या काळात कायमची असावी, आणि न्यूमोनिया, सर्पदंश, डेंग्यू यांसारख्या नित्याच्या प्रश्नांवर तिची तालीम चालू राहावी. जो उपाय चाचणीत निष्फळ ठरला तो राष्ट्रीय उपचारपद्धतीतून ठरावीक मुदतीत काढून टाकण्याचे बंधन सरकारने स्वतःवर घालून घ्यावे. स्टेरॉइड हे कायद्याने डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून विकता न येणारे औषध आहे; तो कायदा नवा करावयाचा नाही, केवळ पाळावयाचा आहे.

आणि आपल्यासारख्या सामान्य नागरिकांसाठी दोनच विनंत्या. घरात कोणी आजारी असता डॉक्टरने स्टेरॉइड सुचविले तर घाबरू नका आणि हुरळूनही जाऊ नका. प्राणवायू किती उतरला आहे, औषध किती मात्रेत आणि किती दिवस द्यावयाचे आहे, आणि तोवर साखर कोण तपासणार आहे, हे तीन प्रश्न आदराने विचारा, आणि प्राणवायू उतरलेला नसेल तर ते औषध मागू नका. दुसरी विनंती अशी की, एखाद्या प्रामाणिक चाचणीत सहभागी व्हाल काय, असे कोणी आपल्याला विचारले, तर आपल्यावर प्रयोग चालला आहे असे मानून एकदम नकार देऊ नका. नीट माहिती घ्या, शंका विचारा, आणि समाधान झाल्यास होकार द्या. मद्रासच्या झोपड्यांतील १९३ गरीब माणसांनी १९५६ नंतर तसा होकार दिला, म्हणून आज क्षयाचा रोगी आपल्या घरी राहून बरा होतो. पुढच्या साथीतील रोग्यांचे प्राण आपल्या होकारावर अवलंबून राहणार आहेत.